परळच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये शिकलेले काही

परळमध्ये प्राण्यांवरील संशोधनासाठी येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना मी सर्वांत आधी याच शहरातल्या एका जुन्या प्रयोगाबद्दल सांगते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि जानेवारी १८९७ मध्ये जीवाणूशास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली प्लेगची लस स्वतःलाच टोचून घेतली. पण रोग पसरतो कसा, हा वाद त्यानंतरही कित्येक वर्षे चालू होता. १९०५ नंतर प्लेग आयोगाच्या संशोधकांनी प्लेगने ग्रासलेल्या घरांत गिनीपिगचे पिंजरे ठेवले. काही पिंजऱ्यांना पिसूला आत शिरता येणार नाही इतकी बारीक जाळी होती, काहींना नव्हती. बिनजाळीच्या पिंजऱ्यांतल्या गिनीपिगना प्लेग झाला, जाळीतले वाचले. घर तेच, हवा तीच, प्राणी त्याच जातीचे; दोहोंत फरक काय तो जाळीचा. म्हणूनच पिसूकडे बोट दाखवता आले.

मी स्वतः हे वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते, आणि तरीही पीएचडीच्या पहिल्या वर्षी नेमकी तिथेच चुकले. चोवीस पांढरे उंदीर होते. औषध न दिलेल्या गटाचे पिंजरे मी रॅकच्या सर्वांत वरच्या खणात आणि औषध दिलेल्यांचे सर्वांत खालच्या खणात ठेवले, कारण त्यामुळे गोंधळ होणार नाही असे मला वाटले. तीन महिन्यांनी दोन्ही गटांच्या वजनात चांगला फरक दिसला आणि मी आनंदाने आलेख काढायला बसले. तेव्हा अ‍ॅनिमल हाउसमधले, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात त्या विभागातले काका, जे माझ्या जन्माच्या आधीपासून तिथे पिंजरे बदलत होते, म्हणाले, “ताई, वरच्या खणातले उंदीर दिवसभर खाद्याच्या जाळीखाली दडून असतात, ते पाहिलंत का?” मी पाहिले नव्हते. ट्यूबलाइट वरच्या खणापासून जेमतेम हातभर अंतरावर होती आणि पांढऱ्या उंदरांच्या डोळ्यांना प्रखर उजेड सोसत नाही. माझ्या गटांत औषधाचा फरक होता आणि उजेडाचाही. चिठ्ठ्या टाकून पिंजऱ्यांच्या जागा ठरवल्या, दर आठवड्याला त्या बदलल्या आणि प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तो फरक उरला नाही. पहिले चोवीस जीव मात्र माझ्या निष्काळजीपणामुळे वाया गेले, आणि ते मला आजही बोचते.

त्यामुळे प्रयोग आखताना दोन गटांत आणखी काय काय वेगळे आहे, हे आधी शोधा: पिंजरा कोणत्या खणात आहे, एसीचा झोत कोणावर येतो, कोणाचे वजन सकाळी घेतले आणि कोणाचे दुपारी. एका पिंजऱ्यातले चार उंदीर म्हणजे चार स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत, कारण ते एकाच भुशावर, एकमेकांच्या संगतीत आणि दांडगाईत वाढतात. मुंबईत पावसाळ्यात आर्द्रतेवर विशेष लक्ष ठेवावे लागते. सीलबंद खोलीतही भुसा लवकर ओला होतो आणि अमोनियाचा वास दारातच जाणवतो. गजरा माळून किंवा अत्तर लावून आत जाऊ नका, उंदीर वासावर जगतात. शेपटीला धरून उचलण्याऐवजी ओंजळीत किंवा नळीत घेतलेला उंदीर कमी घाबरतो, हे प्रयोगांतून दिसून आले आहे. मराठीत आपण दोघांनाही उंदीर म्हणतो, पण माऊस आणि रॅट यांचे स्वभाव, शरीर आणि धरण्याची पद्धत वेगळी आहे. दोन्ही वेगवेगळे शिका.

परवानगीचा टप्पा अनेकांना कटकट वाटतो. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय समिती आहे, पूर्वी तिला सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए. आणि प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत तिच्या प्रतिनिधीसह एक नैतिकता समिती असते. माझ्या अर्जावर तिथे विचारले गेले, “प्रत्येक गटात सहाच का?” आधीच्या पेपरात सहा होते, एवढेच उत्तर माझ्याकडे होते. अर्ज परत आला. अपेक्षित फरक आणि निरीक्षणांतील चढउतार यांवरून संख्या कशी काढायची, ते मी त्यानंतर संख्याशास्त्राच्या एका सहकाऱ्याकडे बसून शिकले. हे अर्जाआधीच शिकून घ्या. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे, म्हणजे प्राण्याला पर्याय शोधणे, संख्या कमी करणे आणि वेदना कमी करणे, त्या अर्जात अक्षरशः विचारलेली असतात. तुमचा प्रश्न पेशींवर किंवा फळमाशीवर सुटत असेल तर उंदीर मागू नका. हृदय कसे घडते हे पाहायचे असेल तर झेब्राफिश या छोट्या माशाचा भ्रूण पारदर्शक असतो आणि साधारण एका दिवसात त्याचे हृदय धडधडू लागलेले सूक्ष्मदर्शकाखाली दिसते.

प्रयोगाच्या शेवटी बहुतेक प्राण्यांना मारावे लागते. हे काम दुसऱ्यावर ढकलू नका. नीट शिकून, शांतपणे, दुसऱ्या प्राण्यांच्या नजरेआड करा. ज्याला ते अजिबात जमणार नाही, त्याने विषय ठरण्यापूर्वीच मार्गदर्शकांना स्पष्ट सांगावे. त्यात कमीपणा नाही.

माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना पहिले दोन आठवडे मी एकही प्रयोग देत नाही. ते काकांसोबत भुसा बदलतात, पाण्याच्या बाटल्या भरतात, वजने लिहितात. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्यापैकी कोणीतरी येऊन विचारते की अमुक पिंजरा एसीच्या झोताखाली का ठेवला आहे, आणि मग आम्ही आराखडा लिहायला बसतो.