गोव्याचे ताट: प्रकृतीलाही मानवेल, निसर्गालाही

आठवड्याचा बेत आखताना सुरुवात मासळीपासून करावी, कारण गोव्यात ताटाचा प्रश्न शेवटी तिथेच येऊन थांबतो. इसवणासारख्या (सुरमईसारख्या) मोठ्या शिकारी माशांच्या शरीरात पारा अधिक साठतो. याउलट तारले आणि बांगडे लवकर वाढतात, स्वस्त पडतात आणि त्यांत ओमेगा-३ मेदाम्ले भरपूर असतात. म्हणून इसवण सणासुदीपुरता ठेवावा आणि एरवी लहान मासळी घ्यावी, मात्र बोटभर पिल्ले आणि गाबोळीने (अंड्यांनी) भरलेली मासळी टाळावी. रव्यात तळण्यापेक्षा तेफळे (तिरफळे) घालून केलेले बांगड्यांचे हुमण, म्हणजे आमटी, तेल वाचवते आणि, माझ्या मते, चवीलाही सरस ठरते.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा बाहेरून आलेल्या बर्फातल्या मासळीमागे धावण्याऐवजी अळसांदे (गोव्याची चवळी), मूग आणि तायकिळ्याची (टाकळ्याची) भाजी यांवर भर द्यावा. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली, सुकी मासळी जरूर वापरावी, पण ती आधी पाण्यात भिजवून धुवावी आणि रक्तदाब असलेल्यांनी ती बेतानेच खावी.

भातासाठी स्थानिक उकडे तांदूळ निवडावेत. उकडण्याच्या प्रक्रियेत कोंड्यातील ब जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी भाजी मिळते. तिथे कापडी पिशवी आणि मासळीसाठी झाकणाचा डबा घरूनच न्यावा. उरलेल्या भाताची सकाळी पेज करावी.