घरच्या ओंडक्याच्या फळ्या पाडताना
शहापूर-मुरबाडकडच्या वाडीत वादळाने पडलेल्या फणसाच्या फळ्या स्वतः पाडायच्या असतील, तर लहानमोठे चार चेनसॉ (इंजिनावर चालणाऱ्या साखळीच्या करवती) जमवण्यापेक्षा 60 सीसीच्या पुढचा एकच दमदार चेनसॉ आणि त्याला बसणारी मिलिंगची, म्हणजे एकसारख्या जाडीच्या फळ्या पाडायची, चौकट घ्यावी. नेहमीच्या साखळीचे दात आडव्या कापासाठी साधारण 30 अंशांत घासलेले असतात. ओंडका उभा चिरायला मात्र 10 अंशांच्या आसपासची साखळी बरी, कारण तिने फळी गुळगुळीत निघते. जाडसर भुशाऐवजी पिठासारखी भुकटी पडू लागली, की दात बोथट झाले समजून लगेच थांबून त्यांवर कानस फिरवावी. ओंडक्याच्या दोन्ही टोकांना त्याच दिवशी रंग फासावा. फणसाची पिवळीधमक फळी तडकलेली खरोखर पाहवत नाही. ठाणे शहरातले उभे झाड स्वतःच्या आवारातले असले, तरी ते तोडण्यापूर्वी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी.