जुन्या यंत्राचा फोटो बीच टॉवेलवर छापताना

असा टॉवेल बहुतेक वेळा छपाईत बिघडत नाही, फोटो निवडतानाच बिघडतो. बीच टॉवेल ७५ × १५० सेंमीचा, म्हणजे रुंदीच्या दुप्पट लांब. त्यावर फ्लायव्हीलचा (यंत्राच्या जड चाकाचा) चौकोनी फोटो ताणला तर चाक वर-खाली कापले जाते. बाजूने घेतलेला अख्खा लेथ (धातू कातण्याचे यंत्र), विणकामाच्या मागांची रांग, छताखालचा लांब शाफ्ट आणि त्यावरून उतरणारे पट्टे हे मात्र छान बसतात. ठाण्याची वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ ची. तिथल्या कारखान्यांच्या जुन्या स्मरणिकांत असे फोटो असू शकतात. फोटोवर साधारणपणे छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे कॉपीराइट असतो, तेव्हा मुदत उलटली नसेल तर लेखी परवानगी घ्या.

आठ इंच लांबीचा फोटो ८०० डीपीआयवर (म्हणजे एका इंचात ८०० ठिपके) स्कॅन केला की ६४०० पिक्सेल मिळतात. १५० सेंमीला १०० डीपीआयने ५९०६ पिक्सेल लागतात, म्हणजे पुरेसे झाले. त्याहून बारीक तपशील टॉवेलच्या लवेत हरवतोच. निगेटिव्ह स्कॅन करत असाल तर ती उलटी तर नाही ना, हे नीट पाहा. नेहमीच्या लेथचा हेडस्टॉक (काम धरून फिरवणारा भाग) समोर उभ्या कारागिराच्या डावीकडे असतो. तो उजवीकडे दिसला, किंवा ओतीव नावपट्टीवरची अक्षरे उलटी दिसली, तर फोटो आरशातल्यासारखा डावी-उजवी पलटवा.

आता रंग, आणि इथेच सर्वांत जास्त फसगत होते. असे टॉवेल सब्लिमेशनने छापतात, म्हणजे कागदावर छापलेली शाई उष्णतेने वाफ करून कापडात उतरवतात. त्यात करडा रंग अनेक शाया मिसळून तयार होतो. प्रमाण जरा हलले की कृष्णधवल फोटोवर हिरवट किंवा जांभळट झाक येते. म्हणून फोटोला आधीच हलका तपकिरी टोन द्या, थोडी झाक आली तरी त्यात लपते. दुसरे म्हणजे सावल्या उजळा. यंत्रशाळेचे फोटो अंधारे असतात आणि मोठ्या काळ्या भागात लव दुभंगली की खालचा पांढरा धागा डोकावतो. पांढरी शाई नसतेच, त्यामुळे चकाकत्या पोलादाचा पांढरा म्हणजे कापडाचाच रंग. पार्श्वभूमीचे कापड शुभ्रच हवे.

टॉवेल दोन थरांचा घ्या. छापायची बाजू पॉलिस्टर मायक्रोफायबरची आणि मागची सुती लूपची. वजन साधारण ३५० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम), म्हणजे एक टॉवेल ४०० ग्रॅमच्या आसपास. शाई फक्त पॉलिस्टरमध्ये मुरते, सुतावर टिकत नाही. निव्वळ पॉलिस्टर अंग नीट पुसत नाही, म्हणून मागे सूत हवेच.

रबाळे, महापे, तुर्भे किंवा वागळे इस्टेटमध्ये छपाईवाला शोधताना पहिला प्रश्न ‘सब्लिमेशन करता का?’ आणि दुसरा ‘दीड मीटरचे कापड एकसलग दाबणारे यंत्र आहे का?’ टी-शर्टच्या छोट्या प्रेसवर तुकड्यांत दाबले तर जोडाच्या रेषा उमटतात. फ्लेक्सच्या शाईने टॉवेल छापू नका.

कापड आधी छापा, कडा नंतर शिवा. तयार टॉवेलची जाड शिवण कागद उचलून धरते आणि तिच्या शेजारी पांढरी पट्टी राहते. त्यासाठी चारी बाजूंना २ सेंमी जादा फोटो ठेवा, फाइल ७९ × १५४ सेंमीची होते. कागदावर प्रतिमा उलटी छापली जाते, म्हणजे कापडावर ती सुलट उतरते. पावसाळ्यात कापड ओलावा धरते आणि तो वाफ होऊन डाग पाडतो. आधी १० सेकंद कोरडे दाबून घ्या. मग २०० अंश सेल्सिअसला सुमारे ६० सेकंद, मध्यम दाबाने. कागद किंचित सरकला तरी अक्षरांना दुहेरी सावली येते, म्हणून चिकटपट्टीने पक्का करा. दाब जास्त झाला तर लव चपटी होते, वेळ जास्त झाला तर कापड पिवळते. पूर्ण टॉवेलआधी नावपट्टी आणि सर्वांत गडद कोपरा धरून २० × २० सेंमीचा तुकडा छापून बघा.

धुताना थंड पाणी वापरा, फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याने टॉवेल पाणी शोषेनासा होतो. छापील बाजू आत ठेवून सावलीत वाळवा आणि तिच्यावर गरम इस्त्री फिरवू नका, शाई पुन्हा वाफ होऊन दुसऱ्या कपड्यावर चढते.