ऑटोचेंजर टेप घेईना? आधी बॅकअप सॉफ्टवेअर बाजूला ठेवा

बॅक्युला या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये ऑटोचेंजर (टेपा आपोआप बदलणारं रोबॉट-यंत्र) अडला की लोक थेट कॉन्फिगरेशन उघडतात. मी आधी स्टोरेज डीमन (टेपवर लिहिणारा, मागे चालू असणारा बॅक्युलाचा प्रोग्राम) बंद करतो आणि ‘एमटीएक्स’ या चेंजर हलवणाऱ्या कमांडने चेंजर हाताने चालवून बघतो: स्लॉट (टेपेचा कप्पा) १ मधली टेप ड्राइव्ह ० मध्ये लोड, मग अनलोड. स्लॉट १ पासून मोजतात, ड्राइव्ह ० पासून. गोंधळ हमखास इथेच होतो. इथेच रोबॉट हलला नाही, तर बॅक्युलाच्या फाईलशी झटापट करून काही हाती लागत नाही.

मग लिनक्समधली उपकरणांची नावं. चेंजर ‘एसजी’ उपकरण-फाईलवर, ड्राइव्ह ‘एनएसटी०’वर (रिवाइंड न करणारं नाव). चुकून ‘एसटी०’ लिहिलंत, तर उपकरण बंद होताच टेप आपोआप रिवाइंड होते आणि आधीच्या बॅकअपवरच लिहिलं जाऊ शकतं. मला हीच चूक सगळ्यात घातक वाटते. ती कधीकधी रिस्टोअर करायची वेळ येईपर्यंत दिसतसुद्धा नाही. रीबूटनंतर ‘एसजी३’चं ‘एसजी४’ होऊ शकतं, म्हणून ‘बाय-आयडी’ फोल्डरखालचं कायमचं नाव द्या.

हाताने चालतं, बॅक्युलातून नाही? बहुतेक वेळा परवानगी नडते. रूटला (सर्वाधिकारी युजरला) सगळं खुलं असतं, डीमन मात्र अनेकदा ‘बॅक्युला’ युजरने चालतो. त्याला ‘टेप’ ग्रुपमध्ये घ्या, चेंजरच्या ‘एसजी’ फाईलचा ग्रुपही बघा. मग डीमन बंद असतानाच ‘बीटेप’ या बॅक्युलाच्या टेप तपासायच्या साधनाची टेस्ट चालवा, पण कोऱ्या टेपवर, ती टेपवर लिहिते, जुना डेटा जातो.