निर्वात टाकीच्या पत्र्याची जाडी
आतून निर्वात होणाऱ्या पोलादी टाकीची जाडी नेहमीच्या परिघीय प्रतिबलाच्या (दाबामुळे पत्र्यात परिघाच्या दिशेने दर क्षेत्रफळावर येणाऱ्या बलाच्या) सूत्राने काढू नये. 1000 मिमी व्यासाला ते जेमतेम अर्धा मिमी सुचवते आणि तेवढा पत्रा सहज आत पिचकतो. मधे आधार नसलेल्या लांब सिलिंडरचा पिचकण्याचा दाब म्हणजे जाडी भागिले व्यास या गुणोत्तराचा घन गुणिले सुमारे 4.4 लाख मेगापास्कल, वातावरणाच्या 0.1 मेगापास्कल दाबावर 3 चा सुरक्षांक (म्हणजे तिप्पट दाब सोसण्याची क्षमता) धरल्यास जाडी सुमारे 9 मिमी येते, गंजासाठीची वाढ वेगळी. घनामुळे 10 टक्के पातळ पत्रा 27 टक्के क्षमता घालवतो. जाड पत्र्यापेक्षा बाहेरून आधाराची गोल कडी वेल्ड करणे बहुधा स्वस्त पडते, मात्र आधारांमधले अंतर कमी झाल्यावर हे सूत्र सोडून डिझाइन संहितेतील तक्ते वापरावेत.