सॅन डिएगोत बोट ठेवताय? तळाचा रंग घेण्याआधी हे बघा
बोटीच्या तळाला बार्नॅकल (कवचवाले छोटे समुद्री जीव) चिकटू नयेत म्हणून तांब्याचा रंग लावतात, आणि ते तांबं हळूहळू पाण्यात सुटतं. सॅन डिएगोतल्या शेल्टर आयलंडच्या बेसिनमध्ये, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या जागेत, पाण्यातलं तांबं एवढं वाढलं की तिथे २०२२ पर्यंत पाण्यात जाणारं तांबं ७६ टक्के कमी करायचं टार्गेट दिलं गेलं, आणि १ जुलै २०१८ पासून कॅलिफोर्नियात प्लेझर (हौसेच्या) बोटींच्या तांब्याच्या रंगावर लिमिट पण आहे, दिवसाला चौरस सेंटीमीटरमागे ९.५ मायक्रोग्रॅमच्या वर तांबं पाण्यात सुटता कामा नये. म्हणजे तांब्याचा रंग अजून मिळतो, पण कमी सुटणारा. गॅरेजमधला जुना डबा विसरा.

तांबं नकोच असेल तर दोन रस्ते. एक म्हणजे इकोनिया (तांब्याऐवजी वापरायचं दुसरं विष) किंवा झिंकवाले रंग, हे नेहमीसारखेच रोलरने लागतात, फक्त खालच्या जुन्या रंगावर चालतील का ते डब्यावर वाचून घ्या. दुसरा सिलिकॉनचा गुळगुळीत कोट, त्यात विष नसतं, बार्नॅकल चिकटतात पण पकड धरत नाहीत, बोट पळाली की बरेचसे आपोआप सुटतात. पण त्यासाठी जुना रंग पार खरवडून काढावा लागतो आणि खरा खर्च तिथेच होतो राव, रंगाच्या किमतीवर जाऊ नका. बोट महिनोन्महिने जागची हलत नसेल तर सिलिकॉन घेऊन काय उपयोग, तळ साफ करायला डायव्हरला सारखं बोलवावं लागेल, आणि त्याला सांगा मऊ कार्पेटचा तुकडाच वापर, कडक ब्रशने कोटावर ओरखडे पडतात.

ॲल्युमिनियमची बोट असेल तर प्रश्नच मिटला, नेहमीच्या तांब्याच्या रंगाने धातू खाल्ला जातो, तो लावूच नका.