निर्यातीची फाइल कशी लावावी आणि कधीपर्यंत जपावी

सोलापूरहून टॉवेलचा कंटेनर न्हावा शेवाला गेला, जहाज सुटलं, पैसे जमा झाले की आपण तो माल विसरतो. कस्टम किंवा जीएसटी खातं मात्र विसरत नाही. तीन-चार वर्षांनी पत्र येतं, आणि त्यात बहुधा एखाद्याच शिपिंग बिलाबद्दल, म्हणजे निर्यातीसाठी कस्टमला दिलेल्या घोषणापत्राबद्दल, विचारलेलं असतं. म्हणून ‘निर्यात २०२३-२४’ असा एकच गठ्ठा बांधू नका. दर शिपिंग बिलाची वेगळी फाइल करा आणि तिच्या पाठीवर नंबर व तारीख लिहा.

तिच्यात ऑर्डर, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटी परवाना), लेट एक्स्पोर्ट ऑर्डर (माल पाठवायला कस्टमची परवानगी) मिळालेलं शिपिंग बिल आणि बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) लावा. सीएचएचं (कस्टमचं काम करणाऱ्या एजंटचं) बिल, भाड्याची पावतीही. आयजीएसटी (निर्यातीवर लागणारा जीएसटी) न भरता माल पाठवत असाल तर एलयूटीची, म्हणजे त्यासाठी दिलेल्या हमीपत्राची, प्रत हवी. एलयूटी दर आर्थिक वर्षाला नव्याने द्यावं लागतं, त्यामुळे प्रत त्याच वर्षाची आहे ना, ते बघा.

फाइल बंद करण्याआधी कागद एकमेकांशी ताडून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण पैसा इथेच अडकतो. शिपिंग बिलावर इन्व्हॉइस नंबर ‘००७’ आणि जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या जीएसटी विवरणपत्रात) नुसता ‘७’, एवढ्यावर आयजीएसटीचा परतावा थांबतो. कस्टमच्या संगणकावर ‘एसबी००५’ ही चूक दिसते, ती बहुतेक वेळा अशाच फरकाची असते. नंबर, तारीख, पोर्ट कोड बोट ठेवून वाचा.

मग पैशाचा पुरावा. बँकेकडून आलेल्या रकमेची नोंद डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर दिसली की तिथूनच ई-बीआरसी (निर्यातीचे पैसे आल्याचा दाखला) तयार करून फाइलला लावा. परदेशातल्या बँकेने शुल्क कापून रक्कम कमी आली असेल, तर त्याबद्दलच्या ईमेलची प्रतही सोबत ठेवा. पुढे ‘उरलेले डॉलर कुठे गेले?’ असं कोणी विचारलंच तर तोच कागद उपयोगी पडतो.

किती वर्षं जपायचं? जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. २०२३-२४ चं विवरणपत्र भरायची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती. म्हणजे एप्रिल २०२३ चं बिलसुद्धा ३१ डिसेंबर २०३० पर्यंत कपाटातच. कस्टमच्या ऑडिटसाठी ५ वर्षं, कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं. माझं मत विचाराल तर ही गणितं डोक्यात ठेवण्यापेक्षा सरसकट ८ वर्षं धरा. अपील किंवा चौकशी चालू असलेली फाइल निकालानंतरही निदान वर्षभर हलवू नका.

नोंदवहीत चूक झाली तर व्हाइटनर लावू नका. जीएसटीच्या नियमांत खोडणं, गिरवणं चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारा, सही करा आणि बरोबर आकडा शेजारी लिहा.

एप्रिल ते जूनमध्ये आयईसीची (आयात-निर्यातीसाठी लागणाऱ्या कोड नंबरची) माहिती डीजीएफटीवर दरवर्षी तपासून पक्की करावी लागते, काही बदल नसला तरी. हे राहिलं तर आयईसी निष्क्रिय होतो.

शेवटी सगळं स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा, आणि त्यातलं एक मालकाच्या ताब्यात असू द्या. हिशेबनीस नोकरी सोडून जातो तेव्हा पासवर्डही त्याच्याबरोबर जातो.